लाल ठिपक्याची पुडी

पुडी हलकी लागली आणि आनंदीबाईंच्या मनात पाल चुकचुकली.

कचरा न्यायला येणाऱ्या बाईने नुकतीच खालून हाक दिली होती. ओल्याची बादली, सुक्याची पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती पुडी, वर लाल स्केचपेनने काढलेला ठिपका. 'तुमचं ते उघडं टाकत जाऊ नका, आम्ही हातानं वेचतो,' असा दम त्या बाईने एकदा गल्लीतल्या सगळ्या बायकांना भरला होता, तेव्हापासून ही ठिपक्याची पद्धत पडली होती, आणि सूनबाई ऋतुजा ती इमानाने पाळत होती. एरवी आनंदीबाई पुडीला शिवायच्याच नाहीत. पण आज जिन्यात बादली कलंडली, सगळं पायऱ्यांवर घरंगळलं आणि पुडी उचलणं भाग पडलं. उचलली तर हाताला काही वजनच लागेना. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि चक्क ती उघडली.

आत नवा कोरा पॅड होता. नुसता घडी घालून ठेवलेला.

आणि वरती, मागच्या खोलीत, ऋतुजा कालपासून बाजूला बसली होती.

पुण्यालगतचं धायरी अजून गाव होतं तेव्हापासून हे कुटुंब इथलं. गावाचं शहर झालं, शेताचे प्लॉट झाले, आनंदीबाईंच्या यजमानांनी, मच्छिंद्ररावांनी, जमीन बिल्डरला देऊन जुन्या घराच्या जागी तीन मजली घर उठवलं. खालचे दोन मजले भाडेकऱ्यांना, वरचा आपल्याला. मुलगा पृथ्वीराज जेसीबी भाड्याने देऊ लागला. दारात दोन गाड्या आल्या, फरशीत तोंड दिसायला लागलं, देवघरात खंडोबाच्या टाकांवर रंगीत दिव्यांची माळ लुकलुकू लागली. गेलं नाही ते एकच, मागच्या खोलीतली चटई. घरातली बाई महिन्याला त्या चटईवर बसणार, तिचा तांब्या वेगळा, तिचं ताट वेगळं, आणि ती बसली की सासऱ्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना बातमी. एवढी खासगी गोष्ट इतक्या उघड्यावर मांडायची आणि वर तिला सोवळं म्हणायचं, हे कसब आपल्याला चांगलंच साधलेलं आहे.

आनंदीबाईंच्या दृष्टीने ती चटई म्हणजे दर महिन्याचा निकाल होता. चटई पसरली की नातू लांबला. नात होती, सोनू, दीड वर्षाची. तिच्या वेळी ऋतुजा मरता मरता वाचली होती. रक्त थांबेना, चार बाटल्या चढवाव्या लागल्या, आणि घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की तीन वर्षं तरी पुन्हा दिवस राहू देऊ नका, जिवाशी खेळ होईल. आनंदीबाईंनी तेव्हा मान हलवली होती. पुढे ऋतुजा हिंडूफिरू लागली, गालांवर रंग आला, आणि सोनूला दात आले तशा त्या म्हणू लागल्या, 'डाक्टर काय, समद्यांस्नी तेच सांगत्यात.'

त्या दिवशी पुडी पुन्हा गुंडाळून त्यांनी कचरेवालीच्या हवाली केली, पण मनातली काही गुंडाळता येईना. मग एकेक गोष्ट आठवू लागली. पूर्वी पोट धरून कण्हणारी पोरगी हल्ली चटईवर मजेत मोबाइल बघत बसते. गरम पाण्याची पिशवी मागत नाही. आणि बाळंतपणानंतर मागेपुढे होणारी तारीख वर्षभर कशी कॅलेंडरवर छापल्यासारखी येते? अंगाचं असं असतं का कधी?

खोटं बाजूला बसणं म्हणजे काय, हे आनंदीबाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जी बाई खोटी बसते तिला काहीतरी लपवायचं असतं, इतकं त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग ही काय लपवते? पाळी नाही म्हणजे दिवस गेलेत. दिवस गेले आणि सांगत नाही, म्हणजे ठेवायचं नाही. म्हणजे माझा नातू ही परस्पर...

दुपारी पृथ्वीराज जेवायला आला तेव्हा त्यांनी त्याच्या कानाला लागून सांगितलं, "बायकोवर लक्ष ठेव. तिच्या पोटात काय हाय आन ती काय करायला निघालीय, देवाला ठावं."

पृथ्वीराज वाईट नव्हता. पण आईचा शब्द त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागत नसे आणि बाहेर पडायला फार लागे. त्याने बायकोला काही विचारलं नाही. तिचा मोबाइल उघडून पाहिला, त्यात वाघोलीच्या माहेरच्या मंडळींचे सुप्रभात आणि सोनूचे फोटो होते. मग त्याने तिच्या स्कूटीची चावी आपल्या खिशात टाकली. "सर्व्हिसिंगला द्यायची हाय," असं म्हणाला, आणि दिली कधीच नाही.

आता घरात सगळेच एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागले. ऋतुजा भाजी आणायला निघाली की आनंदीबाईंनाही नेमकी कोथिंबीर हवी असायची. ती मोरीत जास्त वेळ राहिली की त्या दाराबाहेर भांडी आपटायच्या. ऋतुजाला काय ते कळलं होतं. ती रोज कॅलेंडरकडे बघायची आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. तो उतरलेला चेहरा पाहून आनंदीबाईंचा संशय आणखीच पक्का व्हायचा.

एके सकाळी ऋतुजा पदर खोचून म्हणाली, "आई, वाघोलीला मावशी आजारी आहे. जाऊन येते. सोनूला खाली विमलाबाईंकडे ठेवलंय." विमलाबाई म्हणजे खालच्या मजल्यावरची, यवतमाळकडची भाडेकरीण.

"जा की," आनंदीबाई म्हणाल्या. ती जिना उतरली तशा चपला घालून त्याही उतरल्या, आणि तिच्या रिक्षामागून आलेल्या रिक्षात बसल्या.

"त्या म्होरल्या रिक्षाच्या मागं घ्या."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "आजी, पत्ता असतो. एक गाव असतं, एक चौक असतो. पुढची रिक्षा हा पत्ता नसतो."

"सून हाय माझी त्यात."

"मग बरोबर बसायचं होतं," तो म्हणाला आणि त्याने मीटर टाकलं.

धायरी फाट्यावर पुढची रिक्षा थांबली. वाघोलीला जायचं तर इथून स्वारगेटच्या अंगाला वळायचं. ती वळली खडकवासल्याच्या अंगाला. आनंदीबाई सीटच्या कडेवर पुढे सरकल्या. इतके दिवस संशय होता, पण तो खरा ठरावा असं काही त्यांना वाटत नव्हतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

रिक्षा रस्त्यालगतच्या एका खासगी दवाखान्यापुढे थांबली. ऋतुजा आत गेली. थोड्या वेळाने डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढून आनंदीबाईही शिरल्या आणि कोपऱ्यातल्या बाकावर, दोन पोटुशा बायकांच्या मागे बसल्या. समोर भिंतीवर डॉक्टरांच्या पदव्या चौकटीत टांगल्या होत्या. डॉक्टरांच्या खोलीला दार असं नव्हतंच, नुसता हिरवा पडदा. आत बोललेलं बाकावरच्या सगळ्यांना ऐकू येत होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

"आधी कुठे घेत होतात इंजेक्शन?" डॉक्टरांचा आवाज आला.

"आमच्या चौकात गाडी यायची, एका संस्थेची. भाजी घेता घेता घेऊन व्हायचं, कुणाला कळायचं नाही." हा ऋतुजाचा. "ती बंद झाली. तिथल्या ताई म्हणाल्या, बाहेरच्या देशातून मदत यायची, ती थांबली. गावातल्या दवाखान्यात जावं तर निम्मी माणसं नात्यातली."

"पाळी?"

"या इंजेक्शनने येतच नाही, वर्ष होत आलं. ताईंनी सांगितलं होतं की काहींची थांबते, काळजीचं नसतं."

"नसतंच. मिस्टर कुठे आहेत?"

"कामावर."

"त्यांना घेऊन या. मग देतो."

"पण डॉक्टर, इंजेक्शनची तारीख उलटून गेली आहे. मला बाहेर पडताच येत नव्हतं. तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नाहीत असं सांगितलंय मला, चार बाटल्या रक्त चढवलं होतं. आता राहिले तर..."

"ते मला समजतं. उद्या तुमच्या घरचे येऊन माझ्या काचा फोडतील, ते तुम्हाला समजत नाही. आमच्याकडे पद्धत आहे. यजमानांची संमती लागते."

"कायद्यात तसं कुठे नाहीये."

"कायदा राहायला येतो का तुमच्या घरी?"

बाकावर बसलेल्या आनंदीबाईंना आता उमगलं. पाडायला नव्हे, राहू नये म्हणून आली होती. दूरदेशी कुणा मोठ्या माणसांनी बसल्या बैठकीला ठरवलं की या लांबच्या बायकांवर खर्च पुरे झाला, आणि त्यांच्या घरातल्या चटईमागचं खरं कारण त्यामुळे बाहेर पडलं होतं. आधी त्यांना रागच आला. वर्षभर ही पोरगी आपल्या डोळ्यांदेखत नाटक करत होती, आपण दर महिन्याला नातवासाठी उसासे टाकत होतो.

आणि मग त्यांना दवाखान्यातली ती दुपार आठवली. पांढरेफटक पडलेले ऋतुजाचे ओठ, धावणाऱ्या नर्सा, आणि व्हरांड्यात भिंतीला डोकं टेकून आपण खंडोबाला केलेली विनवणी. 'हिला वाचव देवा, दुसरं काही मागत न्हाई.' देवाने वाचवली होती. आणि आपण सोनूला दात येतात न येतात तोच दुसरं मागायला लागलो होतो. आनंदीबाईंना त्या बाकावर स्वतःची अतिशय लाज वाटली.

त्यांनाही कोणे एके काळी त्या चटईवर खोटंच बसावं लागत असे. तिसरं मूल अंगावर पीत होतं, कंबर धरलेली असायची, आणि नवऱ्याला नको म्हणायची सोय नव्हती. 'मी बाजूला बसले' एवढंच म्हणता यायचं, ते कुणी मोडत नसे. म्हणून त्या महिन्यातून दोनदा बसायच्या. सासू सगळं ओळखून होती, शेजारणींसमोर टोमणे मारायची. त्या सासूचा तेव्हा किती राग यायचा! आणि आज पुडी उघडून बघणारी बाई कोण होती?

आत ऋतुजा रडत नव्हती. "मी परत येऊ शकणार नाही, डॉक्टर," एवढंच ती म्हणाली.

आनंदीबाई उठल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला.

ऋतुजाच्या तोंडचं पाणी पळालं. ती खुर्चीतून अर्धी उठली. "आई, मी... मावशीकडेच..."

"बस खाली." मग डॉक्टरांकडे वळून, "मी सासू हिची. द्या इंजेक्शन."

डॉक्टर हसले. "बरं झालं आलात आजी. पण तुमच्याने नाही भागणार. मिस्टरच लागतील."

ज्यांना विचारल्याशिवाय घरात लोणच्याची बरणी उघडत नव्हती, सून कुठे गेली, कधी आली, केव्हा बसली याचा हिशेब ज्यांच्या डोक्यात असायचा, त्या आनंदीबाईंचं वजन त्या खोलीत त्या हलक्या पुडीइतकंही भरलं नाही. पहारा त्यांनी करायचा, मालकी दुसऱ्याचीच होती.

"मी चालत न्हाई?"

"राग मानू नका."

"राग न्हाई. इचारते. सुई कुणाला टोचणार? हिला. रक्त कुणाचं गेलं? हिचं. मग इचारायचं कुणाला?" त्यांचा आवाज चढला. "माझं आपरेशन झालं तवा सासऱ्यानं ट्रॅक्टरमधी बसवलं, नसबंदीच्या कंपाला नेलं, मालकांनी अंगठा उठवला. मला कुनी एका शब्दानं इचारलं न्हाई. मूल बंद करायचं तवा बी नवऱ्यालाच इचारलं, आन हिला थांबायचं हाय तवा बी नवऱ्यालाच इचारताय. मला वाटलं, ते अडाणी दिवस सरले. तुमच्या भिंतीवर तर लई डिग्र्या टांगल्यात."

पडद्याला कान असतात, इथे तोंडही निघालं. "बरोबर बोलताहेत आजी," बाकावरून कुणी बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "माझ्या वेळी पण असंच केलं होतं यांनी. चार हेलपाटे घालायला लावले."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "उद्या तुमचा मुलगा भांडायला आला तर?"

"तर म्हणावं, आईला इचार."

"तनया," डॉक्टर नर्सला म्हणाले, "तारीख उलटली आहे. आधी तपासणी करून घ्या. दिवस राहिलेले नसतील तर देऊ."

तपासणीचा निकाल येईपर्यंत दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या. चावी कुणामुळे गेली, तारीख कुणामुळे उलटली, हे दोघींनाही माहीत होतं. वर्षभर ज्या एका बातमीसाठी आनंदीबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या, ती बातमी आत्ता त्या पडद्याआडून येऊ शकत होती. त्यांनी डोळे मिटले. नको, देवा. आता नको. पोरगी माझी जाईल.

तनया बाहेर आली. "काही नाहीये. या आत, इंजेक्शन घेऊन टाका."

आनंदीबाईंनी पदराने डोळे पुसले. कुणी पाहिलं तरी त्यांना आज पर्वा नव्हती.

परतताना दोघी एकाच रिक्षात बसल्या. आनंदीबाईंनी विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेऊ दिलं असतंत?"

आनंदीबाईंनी रस्त्याकडे तोंड केलं. या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांना येत होतं.

त्यानंतर काही दिवस घरात शांत गेले. महिन्याची ठरलेली तारीख आली तशी ऋतुजा सवयीने मागच्या खोलीत गेली आणि चटई पसरू लागली. आनंदीबाई दारात उभ्या होत्या.

"आता कुनाला दाखवायला?"

"सवय झाली आई."

आनंदीबाईंनी चटई तिच्या हातातून घेतली, गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. "जा, भाकरी टाक. वांगी चिरून ठिवल्यात."

दुपारी बापलेक जेवायला बसले. ऋतुजा स्वयंपाकघरातून भाकरी घेऊन आली तशी मच्छिंद्ररावांचा घास हातातच राहिला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग बायकोकडे.

"आज सूनबाई सैपाकात कशी? तारीख हाय न्हवं?"

आनंदीबाईंच्या हातातला डाव थांबला. "तुमी बी मोजत व्हता व्हय?"

मच्छिंद्ररावांनी ताटाकडे मान वळवली. पृथ्वीराजचा चेहरा मात्र उजळला. "म्हणजे... गोड बातमी हाय का?"

सांगायचं की नाही, आणि कसं, हे आनंदीबाईंच्या हातातलं नव्हतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

ऋतुजाने भाकरी ताटात ठेवली. "नाही. बातमी नाहीये. मी इंजेक्शन घेते, दिवस राहू नयेत म्हणून. वर्ष झालं. अजून दीड वर्ष घेणार आहे. पुढचं पुढे बघू."

"आन मला पत्ता न्हाई?" पृथ्वीराज म्हणाला. त्याचा आवाज रागावलेल्यापेक्षा दुखावलेला होता.

"तुम्हाला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत आईंना कळलं असतं. तुम्ही मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही चावी काढून घेतलीत."

"ह्या घराला वारस नको का?" मच्छिंद्ररावांनी ताटावर हात आपटला. "कुनाला इचारून हे धंदे?"

"तिला इचारून," आनंदीबाई म्हणाल्या. "तिचं तिला इचारून. आन ऐका, आजपास्नं ह्या घरात बाईचे दिवस कुनी मोजायचे न्हाईत. तुमी न्हाई, ह्यानं न्हाई, मी बी न्हाई. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी हिला देवाकडं मागून घेतलीय. नातवासाठी घालवायची न्हाई."

मच्छिंद्रराव उठले. अर्ध्या जेवणावरून, हातही न धुता, तसेच बाहेर गॅलरीत गेले. चाळीस वर्षांत ते असे उठले की आनंदीबाई त्यांच्या मागे धावायच्या, आणि सूनही तेच शिकली होती.

ऋतुजाने पृथ्वीराजपुढे हात केला. "स्कूटीची चावी द्या."

त्याने जन्माच्या सवयीने आईकडे पाहिलं. आई वांग्याची भाजी वाढण्यात गर्क होती. शेवटी त्याने खिशात हात घातला आणि चावी बायकोच्या तळहातावर ठेवली.

पुण्यात काय आणि पुण्याबाहेर काय, अशी चटई सगळ्या घरांत नसेलही. पण सुनेच्या कॅलेंडरकडे चोरून बघणारे डोळे, तिच्या औषधाला नवऱ्याची चिठ्ठी मागणारी टेबलं आणि कुणीतरी दूर बसून बंद केलेल्या गाड्या आपल्या ओळखीच्या आहेत. त्या डोळ्यांत आपले दोन आहेत की नाहीत, एवढं ज्याने त्याने घरी जाऊन पाहावं.

तिघं जेवले. ऋतुजा सगळ्यांबरोबर, त्याच ताटांतल्या एका ताटात. मच्छिंद्ररावांचं अर्धं ताट तसंच उघडं होतं, आणि आज ते झाकून ठेवायला कुणी उठलं नाही.